न उतरलेला माणूस

आबा, मी सांगलीत आहे. काकीच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट घेऊन बसले आहे आणि मांडीवर कागद ठेवून लिहितेय म्हणून अक्षर वाकडंतिकडं येतंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "येवढं शिकून आक्षर ह्ये आसलं?" काकीच्या डोळ्याचं काल मिरजेला ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता, निघाला. आत्ता ती पलीकडच्या खोलीत काळा चष्मा लावून पडली आहे आणि थोड्या थोड्या वेळाने विचारते आहे, "पोराचा फोन आला का गं?" मी म्हणते, "येईल की. ड्युटीवर हाय." ड्युटीवर आहे हे खरं. कसल्या ड्युटीवर, ते मी तिला सांगितलेलं नाही. तुमचा पुतण्या, ज्याला तुम्ही खांद्यावर बसवून बालवाडीत सोडायला जायचात तो, आज दुपारी एका खोलीत शिरणार आहे आणि त्या खोलीत त्याने आज शिरू नये असं मला वाटतं. तसं मी सांगून आले आहे, लिहूनही दिलं आहे. पण निर्णय माझ्या हातात नाही आणि मी तिथे नाही. फोन आत नेता येत नाहीत, फाटकावर जमा करावे लागतात, त्यामुळे तो शिरला की थांबला हे तो बाहेर आल्याशिवाय मला कळणार नाही. आबा, मला फार भीती वाटते आहे, आणि भीतीबद्दल बोलायला तुमच्याशिवाय माणूस आठवत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही एकदाच विचारलं होतं, "नेमकं काय करतीस गं तितं?" मी बस पकडायच्या घाईत होते. "नळ्या सांभाळते," एवढंच म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत आणि गल्लीभर सांगितलंत की पोरगी पाणीपुरवठ्यात आहे. पुढे वर्षाच्या आत तुम्ही गेलात आणि ते तसंच राहिलं. तर आज नीट सांगते. अणुभट्टीचं जळण म्हणजे युरेनियमच्या काळ्या वड्या, खडूच्या तुकड्याएवढ्या, भाजून कडक केलेल्या. त्या एकामागे एक नळीत भरायच्या, नळीची दोन्ही तोंडं कायमची बंद करायची आणि अशा बऱ्याच नळ्यांची एक जुडी करायची, साधारण अर्ध्या मीटर लांबीची. नळी झिर्कोनियम नावाच्या धातूची असते. भट्टी ज्या कणांवर चालते ते कण हा धातू फारसे खात नाही, म्हणून तो. तरीही नळी पातळच ठेवावी लागते, दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढीच तिची भिंत. आत वडीच्या गाभ्यात लोखंड वितळेल अशी धग, बाहेर प्रचंड दाबाखालचं तापलेलं पाणी, आणि मध्ये ही भिंत. वडीत जे जे विषारी तयार होतं ते आतच राहावं, पाण्यात येऊ नये, एवढं तिचं काम. जवळजवळ सगळ्या नळ्या ते काम बिनतक्रार करतात. ज्या थोड्या करत नाहीत, त्यांच्यासाठी मला पगार मिळतो.

तुमचंही काम बंद तोंडांचंच होतं. तुम्ही वडूजचे. तिथे पाऊस नाही, रानात बाजरी आली तर आली, म्हणून तुम्ही आणि काका सांगलीला आलात आणि हळदीच्या पेवांवर कामाला लागलात. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेली ती पेवं, तोंड एका माणसापुरतं, आत मात्र घरातल्या खोलीएवढी ऐसपैस. कडेने उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून वरून माती लिंपायची. कितीही दिवसांनी काढा, हळद तशीच पिवळीधमक. आता शीतगृहं झाली, पुरांनी बरीचशी पेवं ढासळली, एखाद्या मुलाला पेव दाखवायचं म्हटलं तर शोधत फिरावं लागतं. पण पेव जसं हळद सांभाळतं तशीच आतली हवा मारतं. त्या हवेला वास नाही, रंग नाही. म्हणून तोंड उघडलं की कोणी लगेच उतरत नसे. पेव उघडं ठेवून वाट बघायची, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत तळापर्यंत टिकली तर माणूस उतरणार, ज्योत बसली तर पुन्हा थांबणार. हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. फरक एवढाच की बाकीचे एकदा कंदील सोडायचे आणि तुम्ही पुन्हा पुन्हा सोडायचात. व्यापाऱ्याचा ट्रक उभा, हमाल बिड्या ओढून कंटाळलेले, आणि तुम्ही आपले तोंडाशी उकिडवे बसून ज्योतीकडे टक लावून. काका हसायचे. "दादा, तुजा कंदील वर यिऊस्तवर माजं निम्मं पेव हुतंय."

काका तुमच्याहून लहान, उंच, देखणे, आणि कशालाच न भिणारे. तुम्ही म्हणजे रस्ता ओलांडतानासुद्धा आमचे हात लाल होईपर्यंत दाबून धरणार. जत्रेतल्या पाळण्यात आम्हाला बसवायच्या आधी त्याचे नटबोल्ट हलवून बघणार, आणि पाळणेवाला शिव्या देणार. आई चिडायची, "आवं, पोरं हसत्यात तुमाला." तुम्ही म्हणायचात, "हसू देत की. हसाय तरी ऱ्हायली पायजेत."

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी, आई आणि काकी अंगणात कुरडया वाळत घालत होतो. गल्लीतला एक जण सायकलवरून ओरडत आला, "पेवात मानूस ग्येला, पेवात मानूस ग्येला!" कोण ते त्याला माहीत नव्हतं. तुम्ही दोघं ज्या पेवावर होता त्याच पेवावरचा, एवढंच त्याला कळलं होतं. आई आणि काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकीच्या कडेवर तुमचा पुतण्या, तोंडात कुरडईचा ओला चीक. दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरलेला. मी त्यांच्या मधून रस्त्याच्या वळणाकडे बघते आहे. पेवाकडे धावत जावं असं दोघींपैकी एकीलाही सुचत नाही, किंवा सुचूनही पाय उचलत नाहीत. मग वळणावर तुम्ही दिसलात. चालत येत होता, पायात चप्पल नव्हती, अंगभर हळद. आई मटकन खाली बसली. काकी मात्र उभीच होती. ती तुमच्याकडे बघतच नव्हती, तुमच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती.

काय झालं ते पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या वर्षी पेवात ओल शिरली होती. तुम्ही कंदील सोडला, तो दोराच्या गाठीमुळे मध्येच अडकला, आणि ज्योत छान तेवत राहिली. काकांनी डोकावून बघितलं. "पेटतोय की गा," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "थांब. तळापत्तूर जाऊ दे." तोवर ते उतरलेही होते. मेलेली हवा तळाशी साठते, अर्ध्यावर ज्योत तेवली म्हणून काही कळत नाही. काका तळाशी गेले, वाकले आणि दमल्यासारखे खाली बसले. वरून हाका मारल्या, दोर सोडला, त्यांनी तो धरला नाही. बरोबरचे दोन हमाल त्यांना काढायला उतरायला निघाले आणि तुम्ही पेवाच्या तोंडावर आडवे पडलात. त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या, लाथा घातल्या, केस धरून ओढलं. तुम्ही हलला नाहीत. आपला सख्खा भाऊ खाली आणि हा माणूस स्वतः उतरत नाही, दुसऱ्यालाही उतरू देत नाही, असं सगळी सांगली बोलली. घोंगड्या हलवून हलवून वारा घातला आणि ज्योत तळाशी टिकायला लागल्यावर काकांना वर काढलं. त्या दोन हमालांपैकी एक पुढे म्हातारा होऊन वारला. आपल्याकडच्या प्रत्येक कार्याला यायचा, जेवायचा, आणि तुमच्याशी अवाक्षर न बोलता जायचा.

वडूजला आईच्या माहेरी लग्न होतं तेव्हाचं तर मी विसरूच शकत नाही. आईचा मावसभाऊ फौजेतून सुट्टीवर आला होता. पंगत बसली होती, तुम्ही वांग्याची भाजी वाढत होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या पलटनीत मानूस मागं सोडून येत न्हाईत, दाजी." मला वाटलं आता तुम्ही पातेलं आपटाल, किंवा निदान सांगाल तरी, की मी बाजूला झालो असतो तर तिथून एक नाही, तीन तिरड्या निघाल्या असत्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "रस्सा वाढू का?" आणि त्याने घेतलाही. पेवाचं काम तुम्ही सोडलंत, माधवनगरच्या गिरणीत लागलात, ती बंद पडेपर्यंत तिथेच राहिलात. काकी आणि पोर आपल्याच घरात राहिली. काकी तुम्हाला जेवायला वाढायची, तुमची औषधं आठवणीने द्यायची, तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमच्या उशाशी बसली. पण त्या दिवसाबद्दल ती तुमच्याशी कधी बोलली नाही, आणि तुम्हीही तिच्याशी नाही.

आता इकडचं सांगते. मध्यंतरी आमच्या भट्टीची पॉवर काही दिवस कमी ठेवावी लागली आणि मग पुन्हा वाढवली. नियमात बसेल अशीच, पण मला पटेल त्याहून घाईने. पॉवर वाढली की वड्या फुगतात आणि नळीला आतून रेटा देतात. त्यात आतलं आयोडीन धातूला पोखरायला टपलेलंच असतं. कुठेतरी एका नळीला बारीक चीर गेली. पाण्यातल्या आयोडीनचा आकडा चढला. मर्यादेतच होता, आणि नळीच्या बाहेर अजून जाड जाड भिंती आहेत. गावाला, समुद्राला काही होणार नव्हतं हे मी तुमच्या गळ्याची शपथ घेऊन सांगते. अशा चिरा अधूनमधून जातात, ती जुडी शोधून काढायची, बाहेर टाकायची, झालं. आम्ही शोधत होतो तेवढ्यात आकडा आपणहून उतरायला लागला. आमचे साहेब खूश झाले. "बघा, आपोआप बसलं," म्हणाले. सगळ्यांनी चहा घेतला. माझा कप मात्र तसाच भरलेला राहिला.

कारण आबा, आकडा उतरला की मला जास्त भीती वाटते. चिरेतून आतलं बाहेर येतं तसं बाहेरचं पाणीही आत जातं. आत त्याची वाफ होते, वाफ धातूशी झगडते आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन नळीच्या अंगात मुरायला लागतो. मुरतो तो चिरेपाशी नाही, लांब, जिथे नळी अगदी धडधाकट दिसते तिथे. उन्हात ठेवलेली प्लास्टिकची बादली कशी दिसायला चांगली असते आणि उचलली की हातात कडी राहते, तशी नळी तिथे ठिसूळ होते. मूळची चीर तोवर गंजाने बुजलेली असते, म्हणून आकडा उतरतो, सगळे निश्चिंत होतात, आणि मग एक दिवस नळी भलत्याच ठिकाणी उसवते. चिरेतून नुसतं आयोडीन येतं. उसवलेल्या नळीतून वडीचीच भुकटी पाण्यात येते, आणि ती श्वासावाटे छातीत गेली तर सहजासहजी निघत नाही. आमच्या पाण्यात एक दुसरं द्रव्य दिसायला लागलं होतं, वडीला पाण्याने चाटल्याशिवाय जे येत नाही ते. अगदी थोडं होतं, मोजणीतला गोंधळ म्हणून सोडून द्यावं इतकं थोडं. साहेबांनी ते सोडून दिलं, मला देता आलं नाही.

शेवटी जुडी सापडली. ज्या यंत्राने जळण भट्टीत घालतात-काढतात त्या यंत्राने ती काढली आणि पाण्याच्या तळ्यात नेऊन ठेवली. पण यंत्राचं एक सील गळलं आणि त्याच्या खोलीत थोडं पाणी सांडलं. आता सील बदलायला माणसांनी आत जायला हवं. त्या माणसांचा म्होरक्या तुमचा पुतण्या, तोही माझ्याच भट्टीवर नोकरीला. खोलीतल्या हवेचा नमुना घेतला, तो साफ आला, आणि सगळे म्हणाले चला, साधे मास्क लावा आणि उरका. मी म्हणाले, फरशी अजून ओली आहे म्हणून नमुना साफ आलाय. सांडलेलं वाळलं की, त्यात भुकटी असेल तर ती पायांनी उडेल. आधी तळ्यात कॅमेरा सोडून ती जुडी बघा. नळीला नुसती चीर असेल तर जा मास्क लावून. उसवली असेल तर खोली धुऊन काढा आणि बाहेरून हवा पुरवणारे पोशाख घालूनच माणसं आत पाठवा. कॅमेऱ्याला वेळ लागणार होता. यंत्र तोवर बंद, आणि यंत्र बंद म्हणजे सगळ्यांची तोंडं वाकडी. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार घाबरता." बघू, विचार करू, असं म्हणून विषय लांबला, आणि काकीच्या ऑपरेशनची तारीख आली. पोराला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी आले. आज दुपारी आत जायचं ठरलं, हे सकाळी त्याच्या मेसेजवरून कळलं.

निघायच्या आधी त्याच्या क्वार्टरवर गेले होते. तो बूट पुसत होता. घरात आम्ही आपलंच बोलतो. मी म्हणाले, "कॅमेऱ्यानं बघूस्तवर जाऊ नगंस." तो म्हणाला, "आक्का, नमुना साफ हाय की. आन माजी पोरं आत जानार आन मी भाईर बसू व्हय?" मी म्हणाले, "पोरांनाबी जाऊ दिऊ नगंस." तो हसला. काकांसारखंच हसतो, मान मागे टाकून. म्हणाला, "शोभतीस बग आबांची." वाईट हेतूने नाही म्हणाला, लाडानेच म्हणाला. तरी मी तशीच निघाले. आबा, तुम्ही त्याला वाढवलंत, त्याच्या तापात रात्री जागलात, पण गल्लीने त्याला सांगितलेलं त्याच्या कानात राहिलंय, आपल्या घरातला माणूस मागे राहतो म्हणून. जिथे काही वाईट असेल तिथे हा पहिला शिरतो. सगळे कौतुक करतात, पदकबिदकही मिळालंय. मी ते कौतुक ऐकते आणि माझ्या जिवाचं पाणी होतं.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात. मी सांगलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होते, नवीन नवीन शहाणपण आलं होतं. जेवताना म्हणाले, विज्ञान शिकलं की भीती जाते, आबा. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "ज्या दिशी भ्या वाटायचं थांबंल त्या दिशी मला सांग," म्हणालात, "मी यिऊन तुला घरला आनतो." आवाज चढला होता, आईसुद्धा दचकली. मला फार अपमान वाटला होता. आता इतक्या वर्षांनी सांगते, माझं भय एक दिवसही गेलं नाही. उलट जितकं कळत गेलं तितकं वाढत गेलं. पण मला भीती वाटते ती स्वतःपुरती असती तर मी तिचं काहीतरी केलं असतं. दुसऱ्याच्या छातीत काय जाईल याची भीती घेऊन सांगलीच्या स्वयंपाकघरात बसून काय करायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत.

आत्ताच दूध उतू गेलं. मी शेगडीसमोरच होते आणि मला दिसलं नाही. काकीने आतून हाक मारली, "करपल्याचा वास येतोय. चित्त कुटं हाय गं तुजं?" म्हणाले, इथंच आहे. "पोराचं काय हाय का?" म्हणाली. मी म्हणाले, "काय न्हाई, तुमी पडा." डोळ्याला काळा चष्मा असून या बाईला सगळं दिसतं. शिफ्ट केव्हा सुटते ते मला माहीत आहे. ती वेळ टळून गेली आहे. आत गेला असेल तर बाहेर आल्यावर अंग तपासतात, धुवायला लावतात, पुन्हा तपासतात, त्याला वेळ लागतो. म्हणजे उशीर होतोय याचा अर्थ तो आत गेला होता. मी पुन्हा पुन्हा फोन लावते आणि तो बंद लागतो. बंद फोनवर तीच बाई तेच वाक्य तितक्याच गोड आवाजात म्हणते आणि मला तिचा गळा धरावासा वाटतो. देव्हाऱ्यापाशी जाऊन आले. तिथे आईच्या फोटोखाली तुमचा फोटो आहे आणि काकांचा आहे, दोन्ही एकाच हारात. ते फोटो शेजारी शेजारी कोणी लावले मला ठाऊक नाही, घरात काकीशिवाय कोणी नसतं.

आबा, फोन आला. मध्ये हात धुऊन आले, पाणी प्यायले, आता लिहिते. तो म्हणाला, "आक्का, गेलो न्हाई आत." म्हणाला, "मास्क लावून दाराशी हुबा ऱ्हायलो. पोरं मागं हुबी. दार उगडाय हात घातला आन मला लय भ्या वाटलं गं. कशाचं ते म्हाईत न्हाई. साह्यबांस्नी म्हनलं, कॅमेऱ्याबिगर न्हाई जायाचं, मी बी न्हाई आन पोरं बी न्हाईत. लय बोलले. बोलू देत." मग दारातच बसून राहिला म्हणे. दुसरं कोणी जाऊ नये म्हणून दारालाच पाठ लावून, शिफ्ट सुटली तरी हलला नाही. शेवटी त्यांनी तळ्यात कॅमेरा सोडला. "नळी उसवलीया आक्का," म्हणाला, "चिरंपसनं लांब, पार दुसऱ्या टोकाला. आतल्या वड्या दिसत्यात." आता खोली धुणार, पोशाख मागवणार, दिवस लागतील. तो हे सगळं हसत हसत सांगत होता, पण आवाज हलत होता. मला इतकं रडू आलं की मी फोन पदरात धरला. त्याने विचारलं, "आक्का, आबांनी पन असंच क्येलं व्हतं का गं? तोंडावर आडवं पडलं व्हतं म्हनं." त्याने हे आजवर कधी विचारलं नव्हतं. मी व्हय म्हणाले. तो म्हणाला, "आईला काय सांगू नगं."

पण काकी दारात उभी होती. भिंत धरून, काळा चष्मा लावून, पदर एका हातात. तिने सगळं ऐकलं होतं, म्हणून मी सगळं सांगितलं. नळी, पाणी, भुकटी, खोली, दार. ती खाली बसली आणि तिने माझा हात धरला. "बरं क्येलं पोरानं," म्हणाली. "लय बरं क्येलं." मला वाटलं आता ती तुमचं नाव घेईल आणि इतक्या वर्षांचं काहीतरी सुटेल. तिने तुमचं नाव घेतलंही. म्हणाली, "भावजींनी त्या दोगांस्नी वाचिवलं, मला कळतंय. त्ये उतरलं आसतं तर त्येबी ग्येलं आसतं, त्येबी कळतंय. मी काय खुळी न्हाई. पर मला तवा वाटलं व्हतं, उतराय पायजे व्हतं त्येंनी. आजबी वाटतं." मग चष्म्याखालून पाणी आलं. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं आहे. मी तिचे गाल पुसले, थेंब घातले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "च्या टाक. दूद ऱ्हायलंय का जरा?" राहिलं होतं.

तिच्या जागी ती चुकलेली नाही. चहा पिऊन ती झोपली आहे, तोवर उरलेलं लिहून टाकते. हा कागद कुठे पाठवायचा नाही, पर्समध्ये राहील आणि कधीतरी भिजून फाटेल. एकच सांगायचं होतं, तेच मघापासून टाळते आहे. त्या दिवशी दारात आई आणि काकी हात धरून उभ्या होत्या आणि वळणावर तुम्ही दिसलात, तेव्हा मी लहान असले तरी मला कळलं होतं, की तुम्ही आलात म्हणजे काका येणार नाहीत. काकी माझ्या शेजारीच होती, तिचं लुगडं माझ्या दंडाला लागत होतं. तरी मला आनंद झाला, आबा. इतका झाला की मी हसले. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत येत होता. तुम्हाला ते दिसलं का, हे विचारायचा धीर मला तुम्ही असेपर्यंत कधी झाला नाही.